लहरी महंमद, लहरी पाऊस

'राजाने मारले आणि पावसाने झोडपले, तर दाद कुणाकडे मागायची?' ही म्हण आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी होती आणि ती आपल्याही तोंडी आहे. राजा व पाऊस या दोघांवरची फिर्याद ऐकणारे न्यायासन या पृथ्वीतलावर नाही, हा तिचा आशय. आपल्या मायबोलीने या दोघांना एकच विशेषण बहाल करून त्यांचे हे नाते अधिकच पक्के केले आहे. ते विशेषण म्हणजे 'लहरी'. वेळेवर न येणारा पाऊस लहरी आणि दिल्लीहून देवगिरीला राजधानी हलविणारा सुलतान महंमद तुघलक हाही 'लहरी महंमद'.

हा शब्द आम्हांस दुसरबीडला राहून विशेष जाणवतो. सिंदखेडराजा तालुक्यातील हा भाग मुख्यतः कोरडवाहू शेतीचा. मृग लागला की कपाशी, तूर, सोयाबीन यांच्या पेरणीबरोबर 'लहरी' हा शब्दही पेरला जातो आणि पीक आले नाही तरी शब्द मात्र उगवतोच. दुसरीकडे, ज्या दौलताबादेपायी महंमदाला हे बिरूद चिकटले, ती इथून जालन्यावरून गेल्यास दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे. पाऊस आणि सुलतान हे दोन्ही लहरी अशा रीतीने आमचे शेजारीच म्हणावयाचे. तेव्हा हा शब्द आला कोठून, तो कोणाला लागला आणि तो लावल्याने आपण काय साधतो, हे थोडे तपासून पाहावे असा या लेखाचा हेतू आहे.

लाटेपासून मनापर्यंत

'लहरी' हा शब्द संस्कृतात स्त्रीलिंगी नाम आहे आणि त्याचा अर्थ लाट. 'सौंदर्यलहरी' किंवा जगन्नाथ पंडिताची 'गंगालहरी' या ग्रंथनामांत तो याच अर्थाने येतो. मराठीत त्याचे 'लहर' झाले आणि लाट पाण्यातून निघून माणसाच्या देहामनात शिरली. सर्पदंश झालेल्या माणसाला विषाच्या लहरी येतात, म्हणजे वेदना थांबून थांबून उसळते. उन्हाची लहर येते, झोपेची लहर येते. अशीच एखादी इच्छा मनात एकाएकी उठते आणि ओसरते, तीही लहर. लोभ असलेला लोभी, हट्ट असलेला हट्टी, तसा लहर असलेला तो लहरी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची (१८३१, सुधारित आवृत्ती १८५७) पाने चाळणाऱ्यास लाट आणि मनाची ऊर्मी हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. 'ऊर्मी' या शब्दानेही असाच प्रवास केला आहे. मूळ अर्थ लाट, आणि आपल्या तत्त्वज्ञांनी भूक, तहान, शोक, मोह, जरा व मृत्यू यांना 'षडूर्मी' म्हटले.

मन म्हणजे पाणी ही कल्पना एकट्या भारताची नाही. संत याकोबाने आपल्या पत्रात डळमळीत मनाच्या माणसाला वाऱ्याने हेलकावणाऱ्या समुद्राच्या लाटेची उपमा दिली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात वृद्ध याकोब आपल्या ज्येष्ठ पुत्राला, रऊबेनाला, उसळत्या पाण्याची उपमा देतो. पण याकोबाच्या पत्रातील उपमेत एक बारकावा आहे आणि तो आपल्या 'लहरी' शब्दात हरवला आहे. तेथे लाटेबरोबर वाराही आहे. लाट आपणहून उठत नाही, तिला कोणीतरी उठवितो. आपण 'लहरी' म्हणतो तेव्हा लाट तेवढी पाहतो. वारा कोठून आला, हा प्रश्न या शब्दाबरोबर संपून जातो.

चंचल, धरसोड, छांदिष्ट, तऱ्हेवाईक, विक्षिप्त असे अस्थिर वा विलक्षण स्वभावाचे अनेक शब्द मराठीत आहेत. यांतील 'विक्षिप्त' मोठा दुर्दैवी. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र व निरुद्ध अशा पाच भूमी सांगितल्या आहेत. तेथे विक्षिप्त म्हणजे अधूनमधून का होईना, स्थिर होऊ लागलेले चित्त. साधकाच्या वाटेवरचा तो तिसरा टप्पा होय. मराठीत येईपर्यंत त्याची पार अवनती झाली. 'लहरी'चे तसे नाही. कलावंताला आपण लहरी म्हणतो तेव्हा त्यात कौतुक असते. कोल्हापूरच्या एका नामवंत शाहिरांचे नावच लहरी हैदर होते. मात्र सत्ताधीशाला हा शब्द लागला की कौतुक सरते आणि भय उरते. एखादा मजूर दोन दिवस कामावर आला नाही तर तो 'धरसोड'. मालकाने दोन दिवसांत दोन हुकूम फिरविले तर तो 'लहरी'. ज्याच्या बदलत्या मनाचे फळ दुसऱ्यांना भोगावे लागते आणि ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्यासाठी भाषेने हा शब्द जणू राखून ठेवला आहे.

दौलताबादेची वाट

महंमद बिन तुघलक १३२५ साली गादीवर आला आणि १३५१ साली सिंधमध्ये ठठ्ठ्याच्या मोहिमेवर असताना वारला. त्याच्या लहरीपणाचे दोन पुरावे आपण शाळेपासून ऐकत आलो. १३२७ च्या सुमारास त्याने दिल्लीची वस्ती देवगिरीला हलविली व त्या शहराला दौलताबाद नाव दिले. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याने तांब्या-पितळेचे नाणे काढून ते चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवावे असा हुकूम केला. दोन्ही योजना फसल्या. 'तुघलकी कारभार' हा शब्दप्रयोग तेव्हापासूनच्या आठवणींवर उभा आहे. गिरीश कर्नाड यांनी १९६४ साली कन्नडमध्ये 'तुघलक' नाटक लिहिले, विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणले आणि सुलतानाचे नाव पुन्हा एकदा घरोघरी पोहोचले.

आता या दोन योजनांमागील वारा शोधू. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात संपले. दिल्लीचा अंमल वरंगळ व त्याहीपुढे पोहोचला. एवढा दक्षिण मुलूख दिल्लीत बसून सांभाळणे दुरापास्त होते. देवगिरी मध्यवर्ती होती आणि तिचा किल्ला अभेद्य होता. म्हणजे विचार गैर नव्हता. नाण्यांचेही तसेच. चीनमध्ये कुब्लाईखानाने कागदी चलन चालविले होते. इराणात गैखातूने १२९४ साली तोच प्रयोग केला व तो फसला. महंमदापुढे ही उदाहरणे होती. त्याची चूक अशी की, नकली नाणे कोणालाही पाडता येऊ नये याची तजवीज त्याने केली नाही. घरोघर टांकसाळी निघाल्या. अखेर त्याने ती नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजून दिली आणि बाद झालेल्या तांब्याचे ढीग तुघलकाबादेत पडून राहिले. केवळ लहरीवर चालणारा राजा स्वतःच्या चुकीची एवढी किंमत मोजून देतो काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

साक्षीदारांकडेही पाहिले पाहिजे. सुलतानाविषयी आपण जे जाणतो ते प्रामुख्याने तिघांमुळे. झियाउद्दीन बरनी सतरा वर्षे त्याच्या दरबारात होता. सुलतानाच्या मृत्यूनंतर तो पदच्युत झाला आणि दारिद्र्यात बसून १३५७ साली त्याने आपला इतिहास पुरा केला. सुलतानाच्या ठायी परस्परविरोधी गुण कसे एकवटले होते, याचे कोडे त्याला अखेरपर्यंत सुटले नाही. दुसरा इसामी. दिल्लीहून निघालेल्या त्याच्या नव्वदीतील आजोबांनी पहिल्याच मुक्कामी प्राण सोडला. घरच्या मृत्यूचे दुःख उरी बाळगून त्याने आपले काव्य रचले आणि १३५० साली ते दक्षिणेत बंड करून उभ्या राहिलेल्या बहमनी सुलतानाला अर्पण केले. तिसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तो १३३४ मध्ये दिल्लीस पोहोचला, म्हणजे स्थलांतरानंतर सात वर्षांनी. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला फरपटत नेल्याची आणि दौलताबादेस त्याचा केवळ पाय पोहोचल्याची जी कथा तो सांगतो, ती त्याने ऐकलेली आहे. सारी दिल्ली ओस पडली असे हे लेखक लिहितात. पण त्याच सुमाराचे दिल्ली परिसरातील संस्कृत शिलालेख नगरीच्या भरभराटीची वार्ता देतात. उमराव, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांचे आश्रित यांनाच प्रामुख्याने हलविले गेले, असे आजचे बहुतेक इतिहासकार मानतात.

याचा अर्थ सुलतान निर्दोष होता असा मात्र कोणी घेऊ नये. तो तर्कशास्त्र, वैद्यक व तत्त्वज्ञान यांचा जाणकार होता, जैन आचार्य जिनप्रभसूरींचा त्याने सत्कार केला, ही त्याची एक बाजू. क्षुल्लक संशयावरून तो माणसांचे हाल करी, ही दुसरी. त्याच्या रोषास पात्र ठरलेल्या एका शेखाला भेटल्याबद्दल खुद्द इब्न बतूतावर पहारा बसला होता आणि आपले मरण आले अशीच त्याची समजूत झाली होती. वरंगळच्या मोहिमेवरून परतताना बीडजवळ सुलतानाचा दात पडला आणि त्या दातावर त्याने घुमट बांधविला, असे फिरिश्ता सांगतो. सबंध प्रदेशावर दुष्काळाची छाया पसरत असताना दाताला मकबरा! अशा कथांनी बिरूद पक्के होते.

पण आमचे म्हणणे नेमके हेच की, 'लहरी' हा शब्द या दोन्ही बाजूंना अन्याय करतो. त्याच्या योजनांमागील विचार हा शब्द दिसू देत नाही, आणि त्याच्या क्रौर्यालाही तो सौम्य करून टाकतो. लहर म्हटली की दोष कोणाचाच नाही. इसामीच्या आजोबांना लहरीने मारले नाही. वृद्धांना कसे न्यावे याचा विचार न करता काढलेल्या हुकुमाने मारले. हुकूम देणाराला माणसे दिसत नव्हती, हा त्याचा अपराध. त्याला अपराधच म्हटले पाहिजे.

मर्जी आणि मिजास

या स्थलांतराचे एक फळ मात्र आपल्या भाषेच्या पदरात पडले आणि त्याची आठवण क्वचितच ठेवली जाते. दिल्लीहून आलेल्यांपैकी अनेक जण परवानगी मिळाल्यावरही परतले नाहीत. शेख बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ साली येथेच वारले; खुलदाबादेस त्यांचा दर्गा आहे. १३४७ मध्ये दौलताबादेच्या अमिरांनी बंड केले आणि त्यातून बहमनी राज्य उभे राहिले. दख्खनी बोली या वस्तीतून वाढली आणि फार्सी ही पुढील तीन शतके येथील दरबारांची भाषा राहिली. त्या वाटेने मराठीत जे शब्द आले त्यांत माणसाच्या स्वभावाचे किती तरी आहेत. मर्जी, मिजास, तबियत आणि ज्यापासून 'तऱ्हेवाईक' झाला ती तऱ्हा. ज्या सुलतानाला आपण लहरी म्हणतो, त्याने उघडलेल्या वाटेनेच स्वभाववर्णनाची आपली शब्दसंपत्ती वाढली, हा इतिहासाचा विनोदच होय.

यांतील 'मिजाज' विशेष लक्षणीय आहे. अरबीत त्याचा अर्थ मिश्रण. ग्रीक वैद्यांच्या मते देहात चार रस असतात आणि त्यांच्या मिश्रणावर माणसाचा स्वभाव ठरतो. दुसऱ्या शतकातील गॅलेनने हे शास्त्र पुढे नेले, अरबांनी ते उचलले व मिश्रणाला मिजाज म्हटले. सेमिनरीत आम्ही लॅटिन शिकलो, त्या भाषेतही स्वभावाचा शब्द 'टेम्परामेंटुम', म्हणजे योग्य प्रमाणात केलेले मिश्रणच. चार मुख्य सद्गुणांपैकी संयम हा 'टेम्परान्सिया', त्याच धातूचा. आपल्या आयुर्वेदाने वात-पित्त-कफांच्या प्रमाणास प्रकृती म्हटले. म्हणून मराठीत 'प्रकृती कशी आहे?' हा प्रश्न आरोग्याचाही आहे आणि स्वभावाचाही. तीन संस्कृतींना एकच गोष्ट कळली होती की, स्वभाव म्हणजे अनेक घटकांचा मेळ आणि तो बिघडला तर सावरता येतो. मराठीत येऊन मिजाजची 'मिजास' झाली, म्हणजे निव्वळ तोरा. वैद्याचा शब्द आपण भांडणाचा केला.

'मर्जी'चा इतिहास तर आमच्या तालुक्याने रक्ताने लिहिला आहे. सिंदखेडचे लखुजी जाधवराव, जिजाऊसाहेबांचे वडील, निजामशाहीचे बडे सरदार. ते मध्यंतरी मोगलांकडे गेले व पुन्हा निजामशाहीत परतले. त्यांना कोणी लहरी म्हणत नाही आणि ते योग्यच आहे. त्या काळी वतन व माणसे राखायची तर सरदाराला वारा पाहूनच शीड फिरवावे लागे. १६२९ साली निजामशहाची मर्जी फिरली आणि दौलताबादेच्या दरबारात लखुजी, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांची एकाच दिवशी हत्या झाली. त्याच दौलताबादेत! त्या वेळी जिजाऊ गरोदर होत्या. पुढील वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवराय जन्मले. निजामशहालाही पुढे काही वर्षांतच वजीर फत्तेखानाने संपविले आणि १६३३ मध्ये किल्ला मोगलांनी घेतला. शिवरायांनी दरबारातील फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी राज्यव्यवहारकोश करविला. राजाच्या मर्जीवर माणसाचे शिर अवलंबून राहू नये म्हणून नियम, हुद्दे व पगार ठरविणारे राज्य त्यांनी उभारले. 'मर्जी' हा शब्द त्यानंतरही भाषेत टिकला, हे आपण रोज अनुभवतोच.

आभाळाची लहर

आता म्हणीतील दुसऱ्या धन्याकडे वळू. महंमदाच्या दुर्दैवात पावसाचा वाटा फार मोठा होता. गंगा-यमुनेच्या दुआबात त्याने सारा वाढविला आणि नेमका पाऊस रुसला. रयत रानात पळाली, बंडे झाली, दिल्लीत दुष्काळ पडला. तेव्हा सुलतानाने विहिरी व बियाण्यांसाठी तगाई दिली, शेतीचे स्वतंत्र खाते काढले आणि स्वतः कनोजजवळ गंगाकाठी तळ ठोकून अवधचे धान्य मिळविले. पण उपाय उशिरा सुचले आणि दिलेला पैसा मधल्यांनी खाल्ला. सातशे वर्षांपूर्वीची ही हकिगत वाचताना आमच्या भागातील वाचकास ओळखीचे काही आढळले, तर नवल नाही.

पाऊस तरी खरोखर लहरी आहे काय? १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळून निघाले. हवामान खाते १८७५ साली स्थापन झालेच होते; त्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी १८८६ पासून हिमालयातील बर्फावरून पावसाचे भाकीत वर्तविण्यास आरंभ केला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा गणिती त्या खात्याचा प्रमुख झाला. जगभरची हवामानाची आकडेमोड करताना, प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्याच्या ध्यानी आले. पुढे १९६९ मध्ये ब्यर्कनेस याने त्याचा संबंध पेरूकाठच्या समुद्राच्या तापण्याशी, एल निनोशी, जोडून दाखविला. १८७७, १९७२ व २०१५ ही महाराष्ट्राची दुष्काळी वर्षे एल निनोची होती. १९९७ साली मात्र एल निनो प्रबळ असूनही पाऊस पुरेसा झाला, म्हणजे सारा हिशेब अजून हाती आलेला नाही. पण लहर आणि अवघड हिशेब यांत अंतर आहे. ज्याला कारण आहे त्याची तयारी करता येते. १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून रोजगार हमी योजना घडली, ती अशाच तयारीची खूण होय. 'पाऊस लहरी आहे' असे म्हणून जो हात झटकतो तो विहीर, बांध, पीकविमा व बियाणे यांची जबाबदारीही आभाळावर टाकून मोकळा होतो.

घरातला लहरी

सुलतान गेला आणि पाऊस वर्षातून चार महिने. परंतु हा शब्द बाराही महिने लागतो तो घरातील माणसाला. आठवडाभर रात्रंदिवस उत्साहाने बोलणारा, उधळपट्टी करणारा आणि मग महिनाभर खाटेवरून न उठणारा तरुण 'लहरी' ठरतो. बाळंतपणानंतर एकाएकी रडू लागलेली सून 'लहरी' ठरते. जर्मन वैद्य क्रेपेलिनने १८९९ सालीच उन्माद व विषाद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या लाटांचा एक आजार म्हणून निर्देश केला. त्यावर लिथियमचा गुण येतो हे ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखविले. आज तो द्विध्रुवी विकार म्हणून ओळखला जातो आणि त्यावर उपचार आहेत. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे. तरीही गावोगावी अशी माणसे वर्षानुवर्षे एका विशेषणाखाली दबून राहतात, कारण शब्द सापडला की शोध थांबतो. मिजाज किंवा प्रकृती म्हणणारे आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून दयाळू होते. बिघडलेला मेळ सावरायचा असतो हे त्यांना ठाऊक होते.

ज्यांना आजार नाही अशा तुम्हा-आम्हांलाही लहरी येतात. संत इग्नाशियस यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत एक साधा नियम घालून दिला आहे. मन उदास व अंधारलेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. लाट येऊ नये असे ते सांगत नाहीत. लाटेवर असताना सुकाणू फिरवू नये, एवढेच सांगतात. महंमदाला हा नियम सांगणारे कोणी असते, तर दिल्ली आणि देवगिरी यांमधील वाटेवरची कित्येक थडगी टळली असती.

आणि बिरुदाविषयी म्हणाल, तर शुभवर्तमानात त्याचेही एक उदाहरण आहे. गालिली समुद्राकाठचा शिमोन कोळी हा बायबलमधील बहुधा सर्वांत लाटांसारखा माणूस. क्षणात नावेतून उतरून पाण्यावर चालू लागणारा आणि क्षणात वाऱ्याला भिऊन बुडू लागणारा. प्राण देईन म्हणणारा आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तीनदा नाकारणारा. अशा माणसाला 'लहरी' हे नाव सहज शोभले असते. प्रभू येशूने त्याला नाव दिले केफा, म्हणजे खडक. तो तसा होता म्हणून नव्हे. तो तसा होऊ शकेल, एवढा विश्वास त्याच्यावर कोणीतरी ठेवावयास हवा होता म्हणून. आपल्या घरातील, शेजारातील, ख्रिस्तसभेतील माणसांना आपण कोणत्या नावाने हाक मारतो, याचा विचार ज्याने त्याने करावा.